‘लॅबिरिंथ’ची डिस्क जरूर घ्या, रिमेक मात्र नको

‘लॅबिरिंथ’ या सिनेमाची फोर-के डिस्क भाच्यानं न्यू जर्सीहून पाठवली आणि आल्यापासून ती आमच्या घरात आणि माझ्या कार्यशाळेत सारखी चालू आहे. मी सांगलीत मुलांना बाहुलीनाट्य शिकवते. हातमोज्याच्या बाहुल्या, काठीवरच्या बाहुल्या, थोडं बोलक्या बाहुल्यांचं काम. त्यामुळे हे परीक्षण एका बाहुलीवालीनं लिहिलेलं आहे, हे आधीच सांगते. चित्र कसं, आवाज कसा, पैसे वसूल होतात का, हे सगळं येईलच. पण या सिनेमाचा रिमेक व्हावा का, ही चर्चा दर काही वर्षांनी उठते आणि ही डिस्क बघितल्यापासून मला त्यावर ठामपणे बोलायचं आहे.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. सारा नावाची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आहे. वडील आणि सावत्र आई बाहेर गेलेत, तान्हा भाऊ टोबी रडून रडून घर डोक्यावर घेतोय. वैतागून ती बोलून जाते की गॉब्लिन लोकांनी, म्हणजे परीकथेतल्या खोडकर भुतावळीनं, न्यावं याला एकदाचं. आणि ते खरंच नेतात. त्यांचा राजा जॅरेथ, म्हणजे रॉकगायक डेव्हिड बोवी, तिला तेरा तासांची मुदत देतो. तेवढ्या वेळात भूलभुलैया पार करून महालात पोचली तर भाऊ परत, नाहीतर तोही कायमचा गॉब्लिन. वाटेत तिला कुरकुऱ्या बुटका हॉगल भेटतो, केसाळ धिप्पाड लुडो भेटतो आणि कुत्र्यावर स्वार होऊन लढायला निघालेला सर डिडिमस भेटतो. सारा झालीय जेनिफर कॉनेली. बोवी, ती, बाळ आणि घरची दोन माणसं सोडली तर पडद्यावर जे जे बोलतं-हलतं, ते जवळपास सगळं बाहुल्यांचं राज्य आहे.

सिनेमा १९८६ चा. दिग्दर्शक जिम हेन्सन, म्हणजे ‘मपेट्स’वाले. निर्मितीत जॉर्ज लुकास, पटकथेवर मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूतल्या टेरी जोन्सचं नाव, आणि सगळ्या प्राण्यांची, दगडांची, झाडांची कल्पना ब्रायन फ्राउड या चित्रकाराची. चित्रीकरण इंग्लंडमध्ये एल्स्ट्री स्टुडिओत झालं. खर्च सुमारे अडीच कोटी डॉलर. अमेरिकेत तिकीटबारीवर त्याच्या निम्मे, फार तर थोडे अधिक सुटले. हेन्सनला हे फार लागलं असं त्याचा मुलगा ब्रायन यानं पुढे सांगितलंय. १९९० मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी हेन्सन गेला. त्यानं दिग्दर्शित केलेला हा शेवटचा चित्रपट. पुढे व्हिडिओ कॅसेटवर घरोघरी मुलांनी तो इतका बघितला की आज त्याचे चाहते तीन पिढ्यांचे आहेत. आपण किती लोकांना आवडलो हे त्या माणसाला धड कळलंच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता डिस्क. चित्र अप्रतिम आहे. सारा अंधाऱ्या तळघरात पडते तो प्रसंग मी आधी स्ट्रीमिंगवर बघितला होता, तेव्हा पडद्यावर काळ्या-करड्या चौकोनांची खिचडी दिसत होती. डिस्कवर तोच अंधार खोल आहे, त्यात भिंतीचा ओलसरपणा दिसतो, हॉगलच्या नाकावरचे डाग दिसतात. दगडांत जॅरेथचे चेहरे लपवून ठेवलेत, ते शोधायचा पोरांना नाद लागलाय. आणि कारागिराच्या दृष्टीनं सांगायचं तर साहित्य ओळखू येतं. हे फोम, हे लोकर, हे पिसं, हा कातडीचा पट्टा. जुन्या प्रतीत हे सगळं एकाच तपकिरी रंगात बुडालेलं असायचं.

इतकं स्पष्ट दिसण्याची किंमतही आहे. जंगलातले ते लाल-केशरी प्राणी स्वतःची मुंडकी काढून फेकाफेकी करतात, ते गाणं काळ्या मखमलीपुढे, काळे कपडे घातलेल्या कलावंतांकडून करवून घेऊन नंतर दृश्यात जोडलेलं आहे. फोर-केमध्ये सांधे उघडे पडतात. कॉनेली एका ठिकाणी आहे आणि ते प्राणी दुसऱ्याच कुठल्या ठिकाणी, असं स्पष्ट कळतं. आवाज चांगला आहे, बोवीची पाच गाणी खणखणीत वाजतात. ट्रेव्हर जोन्सचं पार्श्वसंगीत मात्र त्या काळच्या सिंथेसायझरचं आहे, ते कितीही स्वच्छ केलं तरी तसंच राहणार. मराठी सबटायटल्स नाहीत, त्यामुळे दहा वर्षांच्या आतल्या मुलांना शेजारी बसून सांगावं लागतं.

पण माझ्या मते पैसे वसूल होतात ते सोबतच्या माहितीपटात. ‘इनसाइड द लॅबिरिंथ’ असं त्याचं नाव, सिनेमाच्या वेळीच केलेला. बाहुलीचं काम करणाऱ्या प्रत्येकानं तो बघावा, परत परत बघावा.

हॉगलचंच घ्या. आत शारी वायझर ही छोट्या चणीची अभिनेत्री. चालणं तिचं, खांदे तिचे, हात तिचे. चेहरा मात्र तिचा नाही. मुखवट्यात अठरा मोटर आहेत आणि त्या बाहेरून रेडिओवर चालतात. आवाज आणि मुख्य सूत्रं ब्रायन हेन्सनकडे, आणखी तिघं जण चेहऱ्याच्या बाकी हालचाली सांभाळतात. म्हणजे एका बुटक्यासाठी पाच माणसं, आणि त्या पाचांचा श्वास एक व्हायला हवा. हॉगल मान खाली घालतो तेव्हा मान शारीची असते, पण त्याच क्षणी पापण्या जड व्हायच्या त्या दुसऱ्याच्या बोटांनी. एक जण अर्धा क्षण उशिरा आला की हॉगल मेला, उरलं ते रबर.

सारा त्याला लाच म्हणून हातातलं प्लॅस्टिकचं कडं देते, तो प्रसंग मी कार्यशाळेत थांबवून थांबवून दाखवला. कडं तिच्या हातातून त्याच्या हातात जातं. त्याची बोटं जाड, सुरकुतलेली, नखं मळकी. तो ते आधी नुसतं धरतो, मग जरा वर करतो, मग बघतो. आधी हात, मग डोळे. आम्ही मुलांना हेच घोकून घेतो की बाहुलीनं वस्तू आधी धरायची आणि मग बघायची, किंवा आधी बघायची आणि मग धरायची, पण दोन्ही एकदम करायचं नाही. एकदम केलं की प्रेक्षकाला यंत्र दिसतं. इथे हात एकीचे आणि डोळे दुसऱ्याचे असूनही तो क्रम साधलाय. आणि कॉनेलीकडे बघा. तिचं वय तेव्हा जेमतेम पंधराच्या आसपास. ती त्या रबराच्या तोंडाकडे बघून बोलते, आवाज जिथून येतोय तिथे एकदाही बघत नाही. बोवीनंही सांगितलंय की सुरुवातीला त्याला याचा त्रास झाला, कारण हॉगलचं बोलणं त्याच्या तोंडातून न येता सेटच्या बाजूनं, कधी पाठीमागून यायचं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांची पहिल्या दिवशी हीच अडचण असते, सगळी बाहुलीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

लुडोचा पोशाख सुरुवातीला शंभर पौंडांहून जड झाला होता, म्हणजे ४५ किलोच्या वर. कमी करत करत तो ७५ पौंडांवर आणला. तरी एका माणसाला दिवसभर पेलवेना, म्हणून रॉन म्यूइक आणि रॉब मिल्स आलटून पालटून आत शिरायचे. आतून बाहेरचं दिसत नाही, एका छोट्या पडद्यावर बघून चालायचं. हा रॉन म्यूइक पुढे जगप्रसिद्ध शिल्पकार झाला, माणसाच्या त्वचेचं एकेक छिद्र दिसेल अशी अवाढव्य शिल्पं करणारा. लुडो चालतो तेव्हा जमीन दबल्यासारखी वाटते. वाटणारच, आत खरोखर एक माणूस आणि त्याच्या अंगावर ३४ किलो ओझं आहे.

आणि बोवीच्या बोटांवर फिरणारे ते काचेचे गोळे! ते हात बोवीचे नाहीतच. मायकेल मॉशन नावाचा कसरतपटू बोवीच्या मागे दडून बसायचा आणि त्याच्या बगलेखालून आपला हात पुढे काढायचा. समोर काय चाललंय हे त्याला दिसत नसे, मॉनिटरही नव्हता. नुसत्या स्पर्शावर गोळे हातभर फिरवायचे, तेही दुसऱ्याच्या खांद्याला शोभतील असे. आमच्याकडे पडद्यामागून काम करताना निदान बाहुली तरी डोळ्यांसमोर असते. हा गडी आंधळा खेळ करत होता.

मला सगळ्यात जास्त वेळ ज्यावर बोलायला आवडेल तो प्रसंग म्हणजे हातांची विहीर. सारा एका विवरात कोसळते आणि त्याच्या भिंतीतून शेकडो हात बाहेर येऊन तिला झेलतात. काही हात रबराचे आहेत, पण कितीतरी खऱ्या माणसांचे, भिंतीमागे दाटीवाटीनं उभ्या असलेल्या कलावंतांचे. सारा घाबरून ओरडते आणि ते हात तिच्याशी बोलायला लागतात. कसे, तर एकमेकांजवळ येऊन चेहरा तयार करतात. दोन मुठी म्हणजे डोळे, एक पंजा आडवा धरला की नाक, खालचे दोन पंजे उघडमीट करणारं तोंड. चार-पाच हातांचा एक म्हातारा, शेजारी दुसऱ्या चार-पाच हातांची एक बाई. तिला विचारतात, वर जायचंय की खाली. ती म्हणते खाली, आणि ते खिदळत तिला खाली सोडतात.

हा प्रसंग दाखवून मी दिवे लावले, तोवर पोरांनी सुरुवातही केली होती. तिघं-चौघं जमिनीवर पालथे पडून हात जुळवत होते. एकीच्या मुठी डोळे झाल्या, दुसऱ्याचा अंगठा नाक, तिसऱ्याचे पंजे बोळकं. ती आजीबाई चक्क बोलायला लागली, ‘माझं पान कुठाय गं?’ ना फेव्हिकॉल, ना स्पंज, ना कापड, ना रंग. बाहुलीनाट्याचा सगळा पाया त्या पाच मिनिटांत पोरांना समजला, आणि तो मी तोंडानं सांगून कधीच इतका पोचवू शकले नसते. चाळीस वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका स्टुडिओत भिंतीमागे उभ्या राहिलेल्या त्या माणसांनी तो सांगलीत पोचवला.

हे झालं कौतुक. पण रिमेकचा प्रश्न इथूनच सुरू होतो. कारण या सिनेमात सगळ्यात कच्ची आहे ती गोष्ट. मला सिनेमा जिवापाड आवडतो, तरी हे म्हणावंच लागेल. प्रसंगामागून प्रसंग येतात, पण एकातून दुसरा निघत नाही. दुर्गंधीची दलदल काढून टाकली तरी पुढचं काही बिघडत नाही, जंगलातलं मुंडक्यांचं गाणं काढलं तर उलट बरंच. असं का, याचं उत्तर लिहिण्याच्या पद्धतीत आहे. आधी फ्राउडची चित्रं होती. टेरी जोन्स ती चित्रं चाळत पुढचा प्रसंग सुचवून घ्यायचा. त्याला जॅरेथ शेवटपर्यंत दाखवायचा नव्हता, भूलभुलैयाच्या मध्यावर पोचल्यावरच तो दिसावा असं त्याचं म्हणणं होतं. पण बोवी मिळाल्यावर हेन्सनला तो सिनेमाभर हवा, गाणी म्हणताना हवा. मग खर्ड्यावर खर्डे झाले, पटकथालेखिका इलेन मे यांचाही हात फिरला. शेवटी जे झालं ते पूर्णपणे आपलं नाही असंच जोन्सला वाटत राहिलं.

रिमेक करणारे नेमकी हीच कच्ची गोष्ट विकत घेतात. मुलगी, तान्हा भाऊ, तेरा तास, देखणा दुष्ट राजा, एवढं कागदावर उतरतं आणि त्याचे हक्क घेता येतात. ज्यामुळे सिनेमा आजही जिवंत आहे ते कागदावर उतरतच नाही. शारी वायझरची मान, मॉशनचा न बघता फिरणारा हात, भिंतीमागचे पंजे, हे हक्कांच्या करारात कुठल्या कलमात लिहिणार? म्हणजे रिमेकमध्ये ज्याची गरज नाही ते येणार आणि ज्यासाठी लोक हा सिनेमा बघतात ते मागे राहणार. माझा विरोध आहे तो एवढ्याचसाठी. जुनं ते सोनं म्हणून नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आता पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकतो. सुट्टीत आला होता, त्यानं डिस्क बघितली आणि म्हणाला, ‘ताई, तुम्ही उगाच कॉम्प्युटरला घाबरता. हेच हात आज कसले भारी करता येतील! हजार करू, दहा हजार करू.’ त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही, कारण त्यात तथ्य आहे. खुद्द हेन्सन कॉम्प्युटरला घाबरत नव्हता. सिनेमाच्या सुरुवातीला नावांमधून उडणारं ते पांढरं घुबड संगणकावर केलेलं आहे. चित्रपटात खऱ्यासारखा दिसणारा संगणकी प्राणी वापरण्याचा तो अगदी पहिला प्रयत्न मानतात. १९८६ मध्ये! हाताशी असलेलं प्रत्येक नवं हत्यार त्या माणसानं वापरून बघितलं. पण मी त्या मुलाला एवढंच विचारलं की दहा हजार हातांमध्ये सारा पडली, तर तिच्या दंडाला कोण धरणार? सिनेमात कॉनेलीला त्या विवरात पट्ट्यांनी बांधून लटकवलं होतं आणि तिला खरोखर माणसांचे हात लागत होते. बाहीचं कापड ओढलं जातं, केस अडकतात, तिच्या चेहऱ्यावर किळस आणि भीती आणि गुदगुल्या एकदम दिसतात. ते सगळं त्या स्पर्शातून आलंय. हिरव्या पडद्यापुढे लटकलेल्या मुलीला तिथं काय आहे ते आठवून आठवून घाबरावं लागेल. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, निदान मागच्या रांगेतले हात कॉम्प्युटरवर करू द्या. त्याला माझी हरकत नाही.

याचा दाखला हवा असेल तर ‘द विचेस’ बघा. रोआल्ड डालच्या पुस्तकावरचा १९९० चा सिनेमा, निर्मितीत हेन्सन, उंदीर त्याच्याच कारखान्यातले. २०२० मध्ये रॉबर्ट झेमेकिससारख्या मोठ्या दिग्दर्शकानं तीच गोष्ट परत केली आणि उंदीर संगणकावर केले. ते उंदीर पळतात, उड्या मारतात, सगळं करतात, पण टेबलावर बसलेले वाटत नाहीत. जुन्या सिनेमातला उंदीर कमी हलतो, तरी त्याची काळजी वाटते. दोन्ही एकामागोमाग बघा, मग बोलू.

आणि उलट दाखलाही आहे, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हेन्सन आणि फ्रँक ऑझ यांचा ‘द डार्क क्रिस्टल’ १९८२ चा, तोही बाहुल्यांचा. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सनं त्याच जगातली, त्या सिनेमाच्या आधी घडणारी नवी गोष्ट आणली, दहा भागांची. आधी त्यांनी काही पात्रं संगणकावर करून चाचणी घेतली होती. ती बघून ठरवलं की नाही, बाहुल्याच हव्यात. संगणकाला काम दिलं ते काठ्या आणि माणसं पुसायचं, आकाश आणि डोंगर पुरवायचं. अभिनय बाहुल्यांनीच करायचा. त्यात बाहुल्यांची जबाबदारी सांभाळणाऱ्यांमध्ये टोबी फ्राउड होता. हा टोबी म्हणजे ‘लॅबिरिंथ’मधलं पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातलं बाळ, ब्रायन फ्राउडचाच मुलगा! मोठा होऊन तो बाहुल्या बनवायला लागला. मालिकेला टीव्हीचं एमी पारितोषिक मिळालं आणि तरी एका पर्वानंतर ती बंद केली. खर्च, प्रेक्षकसंख्या, काय असेल ते असो. पण काम कसं करायचं याचा धडा त्यांनी घालून दिला. जग तेच, गोष्ट नवी, हात खरे.

‘लॅबिरिंथ’च्या बाबतीत आजवर नावं बरीच आली. बोवी १० जानेवारी २०१६ ला गेला आणि काही दिवसांतच बातम्या फुटल्या की नवा सिनेमा येतोय. लोक भयंकर चिडले. लेखिका निकोल पर्लमनला जाहीर सांगावं लागलं की रिमेक कुणी करत नाहीये आणि बोवीच्या जाण्याचा याच्याशी संबंध नाही. मग दिग्दर्शक म्हणून फेदे अल्वारेझचं नाव आलं, मग स्कॉट डेरिक्सनचं. जानेवारी २०२५ मध्ये बातमी आली की रॉबर्ट एगर्स पुढचा भाग लिहून दिग्दर्शित करणार, सोबत आइसलँडचा लेखक स्योन. एगर्सनं ‘नोस्फेरातू’ हा जुना भयपट परत केलाय, म्हणजे जुन्याला हात लावायची त्याला भीती नाही. पण तो सेट उभा करतो, कपडे शिवून घेतो, कॅमेऱ्यापुढे खरे उंदीर सोडतो. त्यामुळे त्याच्या नावानं मला थोडा धीर आला. पुढचा भाग ही गोष्टही रिमेकपेक्षा बरी. सारा आज पन्नाशीची असेल, तिच्याकडे सांगण्यासारखं नवं काहीतरी असेल. आणि जॅरेथच्या जागी बोवीचा चेहरा संगणकानं उभा करू नये, हे तर हात जोडून सांगणं. ‘मॅजिक डान्स’ गाण्यात बाळाचे जे हुंकार ऐकू येतात ते ध्वनिमुद्रणाच्या वेळी बाळ काढेना, म्हणून बोवीनं स्वतःच काढले. असला माणूस नकलेनं परत येत नसतो.

सांगलीत राहून विष्णुदास भाव्यांची आठवण येणारच. १८४३ साली इथे ‘सीता स्वयंवर’ झालं, हे आपल्याला शाळेत शिकवतात. त्यांच्या लाकडी बाहुल्याही होत्या हे कमी लोकांना माहीत असतं. त्या जुन्या बाहुल्या रामदास पाध्यांनी दुरुस्त करून पुन्हा लोकांपुढे आणल्या. हॉगलचंही तसंच झालं. मूळ हॉगल प्रवासात हरवला आणि अलाबामातल्या स्कॉट्सबोरो गावी, बेवारस सामान विकणाऱ्या एका दुकानात सापडला. तोवर त्याचं रबर तडकून गेलं होतं. कुणीतरी मायेनं तो जोडला, सांधला, आणि आता तो तिथेच काचेमागे उभा आहे. रबर फार टिकत नाही, आमच्याकडच्या फोमच्या बाहुल्याही काही वर्षांत चुरा होतात, कोकणातल्या दमट हवेत तर त्याहून लवकर. अशा कामावर पैसा खर्च करायचा असेल तर तो जुनं काम जपण्यावर आणि नवे हात तयार करण्यावर करावा. ही डिस्क म्हणजे पहिल्या प्रकारचा खर्च आहे आणि तो उत्तम झालाय.

घ्यायची असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. फोर-के डिस्कला देशाच्या विभागाची अडचण येत नाही, पण साधा ब्लू-रे प्लेअर ती वाचत नाही, फोर-के चालवणाराच प्लेअर लागतो. हा सिनेमा एकापेक्षा जास्त आवृत्त्यांमध्ये निघालाय, त्यामुळे ‘इनसाइड द लॅबिरिंथ’ आणि ब्रायन फ्राउडचं समालोचन आहे का, हे खोक्यावर बघूनच मागवा. नुसता सिनेमा हवा असेल तर स्ट्रीमिंगवर भाड्यानं बघा, एवढ्या खर्चात पडू नका. लहान मुलांबरोबर बघत असाल तर जंगलातलं मुंडक्यांचं गाणं काहींना भीतीदायक वाटतं, आमच्याकडे एक जण रडला होता. आणि माहितीपट सिनेमाच्या आधी लावू नका. मुलांना आधी हॉगलवर विश्वास बसू द्या, त्याच्या आत कोण होतं ते नंतर कळलं तरी चालतं.